सामुदायिक रेडिओवर लोक आणि पुढारी समोरासमोर: काय घ्यावं, काय थांबवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सामुदायिक रेडिओ केंद्राला उपकरणांसाठी एकरकमी निधी मिळणार आहे. परिसरातल्या रहिवाशांना स्थानिक लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांच्याशी रेडिओवरून बोलता यावं, हा हेतू. केंद्राच्या यादीत सगळ्यात वर जास्त ताकदीचा ट्रान्समीटर आहे. त्याखाली मोठा मिक्सर (वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारं यंत्र), चार कंडेन्सर माइक, व्हिडिओसाठी कॅमेरे आणि अगदी तळाला ‘फोन जोडायला केबल’. यादी ठीक आहे का, आणि काही राहिलंय का?

ही यादी खालून वर वाचायला घ्या, म्हणजे बरीचशी जमेल. तळाच्या त्या केबलच्या ओळीवरच कार्यक्रम उभा राहणार किंवा पडणार. निवेदकाचा आवाज थोडा बसका आला तरी लोक चालवून घेतात. पण फोनवर बोलणाऱ्या बाईचं अर्धं वाक्य तुटलं की समोर बसलेला पदाधिकारी सुटला. ‘ताईंचा आवाज नीट आला नाही, त्यांनी कार्यालयात येऊन भेटावं’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की खरेदी करताना माझी कसोटी तीच असते: हे म्हणायची सोय कुणाला राहू नये. आणि दुसरी, ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायचीही राहू नये. या दोन कसोट्यांवर यादीतली एकेक वस्तू घासून बघा.

ट्रान्समीटरचं आधी उरकून टाकतो. एफएम लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे ताकद वाढवण्यापेक्षा अँटेना उंचावर नेल्याने जास्त फरक पडतो. ताकद दुप्पट केली तर मिळतात फक्त ३ डेसिबल, आणि घरातल्या साध्या रेडिओवर तो फरक जेमतेम जाणवतो. शिवाय परवान्यात ताकदीची आणि उंचीची मर्यादा घातलेली असते, ती ओलांडता येत नाही. तुमचा सध्याचा ट्रान्समीटर चालू असेल तर तो बदलू नका. आधी अँटेनाची केबल आणि तिचे कनेक्टर तपासून घ्या. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की अँटेनाकडे जाणारी ताकद परत ट्रान्समीटरकडे उलटते, मग तो स्वतःहून ताकद कमी करतो किंवा जळतो. ‘आमचा ट्रान्समीटर कमी पडतो’ अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा त्यावरचा परतीच्या ताकदीचा आकडा विचारतो. पुष्कळदा खरेदीचा विषय तिथेच संपतो.

आता फोन. पुष्कळ केंद्रांवर मोबाइल स्पीकरवर टाकून माइकसमोर धरतात. हे बंद करा. स्पीकरवर टाकलेला फोन स्वतःचा आवाज स्वतःच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून एका वेळी एकच बाजू मोठी ठेवतो आणि दुसरी दाबतो. स्टुडिओतले साहेब नुसते ‘हं, हं’ करत राहिले तरी फोनवरच्या माणसाची अक्षरं गळतात. साहेबांचा तसा हेतू नसेलही, पण श्रोत्याला ऐकू येतं ते एवढंच की पलीकडचा माणूस अडखळतोय आणि साहेब ठामपणे बोलताहेत.

त्याऐवजी फोनचा आवाज तारेने मिक्सरवर आणायचा, आणि मिक्सरवरून फोनकडे परतीचा आवाज पाठवायचा. या परतीच्या आवाजातच सगळी मेख आहे. फोनवरच्या माणसाला निवेदक ऐकू आला पाहिजे, पाहुणा ऐकू आला पाहिजे, दुसरा फोन जोडलेला असेल तर तोही. पण स्वतःचा आवाज परत ऐकू येता कामा नये. याला स्टुडिओत मिक्स-मायनस म्हणतात. तो नसला तर माणसाला स्वतःचंच बोलणं किंचित उशिरा कानात ऐकू येतं आणि कितीही धीट माणूस मध्येच थांबतो. करून बघा: स्वतःचा आवाज पाव सेकंद उशिरा कानावर पडत असताना पत्ता सांगायचा प्रयत्न करा. जीभ अडखळतेच. लोक रेडिओवर बुजतात असं आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं बुजणं हे चुकीच्या जोडणीचं असतं.

साध्या मिक्सरवर हे कसं करायचं ते सांगतो. प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे एकेका माइकच्या किंवा फोनच्या वाटेवर, ऑक्स नावाची एक कळ असते; त्या चॅनेलचा आवाज वेगळ्या तारेने किती बाहेर पाठवायचा ते ती ठरवते. निवेदकाच्या चॅनेलवरची ऑक्स १ उघडा, पाहुण्याच्या चॅनेलवरची उघडा, आणि ज्या चॅनेलवर फोन येतोय तिथली पूर्ण बंद ठेवा. ऑक्स १ मधून निघालेली तार फोनच्या माइकच्या जागी जाते. ऑक्स ‘प्री-फेडर’ हवा: फेडर म्हणजे चॅनेलचा आवाज हवेवर किती जावा ते ठरवणारी सरकती कळ, आणि ऑक्सने आवाज तिच्या आधीच उचलायला हवा. म्हणजे निवेदकाचा फेडर खाली असतानाही, गाणं चालू असताना, तुम्ही फोनवरच्या माणसाशी बोलू शकता: ‘ताई, तुमचा नंबर पुढचा आहे, रेडिओ बंद केलात ना?’ पोस्ट-फेडर असेल तर माणूस थेट प्रक्षेपणात येईपर्यंत त्याला शांतता ऐकू येते, तो ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो किंवा फोन ठेवून देतो.

यातूनच मिक्सर निवडण्याची अट ठरते, आणि ती चॅनेलच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे: किमान दोन ऑक्स, दोन्ही प्री-फेडर होणारे. कारण पुष्कळदा पाहुणा स्टुडिओत येत नाही, तोही फोनवरच असतो. मग दोन फोन, दोन वेगळे मिक्स-मायनस. पहिल्याला दुसरा ऐकू आला पाहिजे, दुसऱ्याला पहिला. बाजारातल्या छोट्या मिक्सरवर बहुधा एकच ऑक्स असतो, आणि हे घरी आणल्यावर कळतं. दोन्ही फोन एकाच मोबाइलवर कॉन्फरन्समध्ये जोडले तरी बोलणं होतं, पण मग दोघांचे आवाज एकाच फेडरवर येतात. पुढाऱ्याचा फेडर वेगळा नसेल तर तो तुम्ही खाली आणू शकत नाही, आणि सामान्य माणसाचा वर नेऊ शकत नाही. लोकांशी संवाद म्हणून बसवलेल्या कार्यक्रमात हे दोन फेडर वेगळे असण्याला फार अर्थ आहे.

तारांबद्दल थोडं. लँडलाइन असेल तर टेलिफोन हायब्रिड घ्या. दोन तारांवरून एकाच वेळी जाणारे-येणारे आवाज वेगळे करण्याचंच ते यंत्र आहे आणि वर्षानुवर्षं चालतं. मोबाइलचं काम चार कड्यांच्या हेडफोन पिनवरून होतं. त्यात माइक आणि ग्राउंडच्या जागा दोन वेगवेगळ्या पद्धतीने असतात, तेव्हा केबल तुमच्या फोनच्या पद्धतीची आहे ना ते बघा. मिक्सरमधून निघणारा आवाज फोनच्या माइकच्या मानाने फार मोठा असतो, म्हणून मध्ये आवाज उतरवणारा पॅड लागतो. तो नसला तर पलीकडच्याला सगळं फाटलेलं ऐकू येतं, आणि स्टुडिओत मात्र कुणाला पत्ता नसतो. ब्लूटूथच्या मिक्सरची भुरळ पडेल. घेण्याआधी दुकानात स्वतःच्या फोनवर कॉल लावून दोन्हीकडचं बोलणं ऐकून बघा. स्वस्त मिक्सरवरचं ब्लूटूथ अनेकदा फक्त गाणी घेतं, कॉल घेत नाही.

आणि ती तडतड. २जी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थबकत-थबकत लहरी सोडतो. त्या जवळच्या तारेत शिरल्या की रेडिओवर ‘तट्-तट्-तट्, घर्रर्र’ ऐकू येतं. फोन मिक्सरपासून हातभर लांब ठेवा, बॅलन्स्ड केबल (बाहेरची खरखर आपोआप कापणारी, तीन जोडण्यांची) वापरा, फोनचं सेटिंग ४जीवर ठेवा. याचा दुसरा फायदा असा की साध्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो, तर ४जीवरचा एचडी कॉल दोन्ही बाजूंनी जुळला तर ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज येतो. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येतात. आडनावं आणि वस्त्यांची नावं सारखी ‘परत सांगा’ म्हणावी लागत नाहीत. पाहुण्यांचे सगळे फोन मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर, टोपलीत. त्यांना राग येतो, येऊ द्या.

माइकचं सोपं आहे. कंडेन्सर माइक रद्द करा. ते चांगले असतात, पण खोली आवाज न घुमणारी असेल तेव्हाच. नाहीतर पंखा, रस्ता, शेजारची खुर्ची सगळं टिपतात. साधे डायनॅमिक कार्डिऑइड माइक घ्या, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारे दणकट माइक. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि पडला-आपटला तरी चालतो. त्या जातीचा कुठलाही चालेल. तोंडापासून वीतभर अंतर. माइकचे वाचलेले पैसे हेडफोनमध्ये घाला, कारण पाहुण्यालाही हेडफोन लागतो. तो नसेल तर त्याला फोनवरचा माणूस ऐकू जावा म्हणून तुम्ही स्पीकर लावाल, स्पीकरचा आवाज माइकमध्ये जाईल आणि तो मिक्स-मायनसमधून परत फोनवरच्याच्या कानात जाईल. वर केलेली सगळी मेहनत एका स्पीकरने वाया.

आता पैसा कोणाच्या खिशातून जातो ते बघू. कॉलचा खर्च रहिवाशावर टाकलात तर बोलणारे ठरलेलेच राहतील. टोल-फ्री नंबर हा एक मार्ग आहे, पण कार्यक्रम जितका चालेल तितकं बिल वाढतं, आणि निधी एकदाच मिळणार आहे. मिस्ड कॉल घेऊन केंद्राने परत फोन करणं हे मला जास्त पटतं. रहिवाशाला काही पडत नाही, आणि ‘कुणाला आधी लावायचा’ हे तुमच्या हातात येतं. या दुसऱ्या फायद्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. थेट येणाऱ्या कॉलमध्ये ज्याचं बोट वेगवान त्याचा नंबर लागतो, आणि सगळ्यात वेगवान बोटं असतात पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांची. ‘साहेबांनी फार चांगलं काम केलं, त्यांचे आभार’ असे लागोपाठ तीन फोन आले की ओळखावं. मिस्ड कॉलची यादी समोर असली की पूर्वी न बोललेले नंबर आधी घेता येतात, नेहमीचे थांबवता येतात, ज्या वस्तीतून महिनाभर कुणीच आलं नाही तिथला एखादा नंबर वर आणता येतो.

यासाठी एक माणूस लागतो, आणि तो निवेदक नसतो. फोन घेणाऱ्याला वेगळी खोली नसली तरी वेगळा कोपरा द्या, स्वतःचा हँडसेट द्या आणि निवेदकाला दिसेल असा एक स्क्रीन किंवा साधी पाटी द्या. चिठ्ठीवर पाचच गोष्टी: नाव (खरं की रेडिओवर घ्यायचं), वस्ती, प्रश्न एका वाक्यात, कधीपासून, आणि आधी कुणाकडे तक्रार केली होती का. शेवटची नोंद सोन्यासारखी असते. ‘पाणी येत नाही’ याला पुढारी भाषणाने उत्तर देतो. ‘पाणी तीन आठवडे येत नाही आणि दोनदा लेखी अर्ज दिलाय’ याला भाषण पुरत नाही.

सगळेच थेट बोलू शकत नाहीत. घरात एकच फोन, तो कर्त्या माणसाकडे, आणि कार्यक्रमाच्या वेळी तो बाहेर. किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो शेजारीच राहतो. म्हणून थेट फोनच्या जोडीला आधी ध्वनिमुद्रित केलेले प्रश्न हवेतच. सगळ्यात सोपा मार्ग व्हॉट्सॲपवरच्या ध्वनिसंदेशांचा. त्यांचा दर्जाही साध्या कॉलपेक्षा बरा असतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी आयव्हीआर, म्हणजे नंबर लावला की ‘प्रश्न सांगण्यासाठी १ दाबा’ असं म्हणणारी व्यवस्था. ॲस्टेरिस्क हे त्यासाठीचं मुक्त सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे आणि अगदी छोट्या संगणकावरही चालतं. मध्य भारतात सीजीनेट स्वराने आणि झिम्बाब्वेत फ्रीडम फोनने साध्या फोनवरून लोकांचे आवाज गोळा करून दाखवले आहेत. पण एक सांगून ठेवतो: आयव्हीआर बसवणं सोपं, चालू ठेवणं अवघड. सिम बंद पडतं, बॅलन्स संपतो, डिस्क भरते. केंद्रात हे बघणारा कायमचा माणूस नसेल तर पहिलं वर्ष व्हॉट्सॲप आणि मिस्ड कॉलवरच काढा. शिवाय इंटरनेटवरचा कॉल टेलिफोनच्या जाळ्यात सोडण्यावर काही देशांत बंधनं आहेत, तेव्हा सिमचं गेटवे (संगणकाला मोबाइलच्या जाळ्याशी जोडणारं यंत्र) घेण्याआधी नियम विचारा.

ध्वनिसंदेश आले की ते फोनमध्येच पडून राहू देऊ नका. रोज संगणकावर काढायचे, नंबराऐवजी क्रमांक द्यायचा, आणि मूळ नंबर फक्त एका वहीत, एकाच माणसाकडे. लहान गावात आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. कुणी म्हटलं की माझा आवाज नको, तर प्रश्न निवेदकाने वाचावा. आवाज बारीक-जाड करून लावण्याचा खेळ करू नका. ओळखणारे ओळखतात आणि बाकीच्यांना हसू येतं.

कुणी न आलेला, न फोन केलेला भाग उरतोच. त्यासाठी एक हातात मावणारा रेकॉर्डर, त्याला वाऱ्याची फोमची टोपी, आणि हेडफोन. हेडफोनशिवाय रेकॉर्डर नेणाऱ्याला पाठवूच नका, कारण काय मुद्रित झालं हे परत आल्यावर कळून उपयोग नसतो. बायकांचे प्रश्न मला बहुतेक याच वाटेने आलेले दिसलेत, आणि तेही रेकॉर्डर घेऊन बाई गेली तेव्हा.

इथे जुन्या एका प्रयोगाची आठवण द्यावीशी वाटते, कारण त्यात उपकरण जवळजवळ नव्हतंच. कॅनडात १९४१ ते १९६५ ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’ चालला. शेजारीपाजारी एका घरी जमून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि गटाचं म्हणणं लेखी पाठवायचे. पुढच्या प्रसारणांत ते परत हवेवर यायचं. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचं ब्रीद. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दीडशे गावांत तोच नमुना वापरून पाहिला गेला. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते असं की एकट्या माणसाची तक्रार पुढाऱ्याला झटकता येते, गटाने ठरवून पाठवलेला प्रश्न झटकता येत नाही. तुमच्या यादीतल्या कॅमेऱ्यांच्या जागी दहा-बारा वस्त्यांसाठी चांगल्या स्पीकरचे, बॅटरीवर चालणारे रेडिओ घ्या आणि प्रत्येक वस्तीत एक ऐकणारा गट बांधा. गटप्रमुखाच्या फोनवरून, गटाच्या नावाने, महिन्यातून एक प्रश्न. तो प्रश्न कार्यक्रमात पहिला.

आता दुसरी कसोटी: ‘मी असं म्हणालोच नव्हतो.’ प्रक्षेपणाचं सतत ध्वनिमुद्रण करणारा एक वेगळा संगणक ठेवा, ज्यावर दुसरं काहीही चालणार नाही. अनेक परवान्यांत ठरावीक काळ मुद्रण जपण्याची अट असतेच. तुम्ही ती संपल्यावरही पुसू नका. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ला तासाला २९ एमबीच्या आसपास जागा लागते, दिवसरात्र चालवलं तरी वर्षाचं सुमारे २५० जीबी. एक साधी हार्ड डिस्क आणि तिची एक प्रत, दुसऱ्या इमारतीत. मुद्रणाचा आवाज मिक्सरमधून न घेता एका रेडिओ संचावरून घ्या, म्हणजे जे हवेत गेलं तेच नोंदलं जातं आणि प्रक्षेपण बंद पडलं होतं का, हेही कळतं.

पण नुसतं मुद्रण कोणी उघडून ऐकत नाही. त्याला जोड लागते ती आश्वासनांच्या वहीची: तारीख, कोण बोललं, काय करतो म्हणाले, कधीपर्यंत, आणि मुद्रणात किती मिनिटावर. ‘कधीपर्यंत’चा रकाना रिकामा राहू न देणं हे निवेदकाचं कौशल्य आहे. ते असं दिसतं:

‘आपण लवकरात लवकर बघू.’
‘साहेब, वहीत तारीख लिहायची आहे. किती तारीख टाकू?’
‘आता तारीख म्हणजे… निविदा व्हायची आहे.’
‘मग निविदा कधी निघेल ती तारीख लिहितो. चालेल?’
‘पंधरा तारखेपर्यंत निघेल.’
‘पंधरा. सोळा तारखेला आम्ही आपल्याला फोन करू, इथूनच.’

यात कुठेही आवाज चढलेला नाही, आरोप नाही. पण सोळा तारखेला फोन लागलाच पाहिजे, आणि कार्यक्रमाची सुरुवात गेल्या वेळच्या वहीनेच झाली पाहिजे, मूळ मुद्रणाचा तुकडा ऐकवून. काम झालं असेल तर तेही तितक्याच जागेत सांगा. अधिकाऱ्यांना कौतुकाची सवय नसते. एकदा हवेवर ‘बोलल्याप्रमाणे झालं’ असं ऐकलं की पुढच्या वेळी ते बोलावण्याआधी तयारी करून येतात. मला भेटलेल्या अधिकाऱ्यांपैकी बरेच जण लोकांना नव्हे, तर अचानकपणाला घाबरतात. प्रश्नांचे विषय आदल्या दिवशी कळवा, प्रश्नकर्त्यांची नावं मुळीच कळवू नका.

थेट प्रक्षेपणात शिवी किंवा बदनामी हवेवर जाण्याची भीती असते. त्यासाठी काही सेकंद उशिरा प्रक्षेपण करणारं डिले यंत्र मिळतं, सात-आठ सेकंद पुरतात; संगणकावरच्या सॉफ्टवेअरनेही होतं. डिले चालू असताना निवेदकाने हेडफोनमध्ये रेडिओ ऐकायचा नाही, मिक्सरच ऐकायचा, नाहीतर तो स्वतःच गोंधळतो. फोन घेणारा चांगला असेल तर हे बटण क्वचितच दाबावं लागतं, म्हणून निधी आखडता असेल तर हे दुसऱ्या टप्प्यात ढकला. निवडणुकीच्या काळात मात्र वेगळं: सगळ्या बाजूंना सारखा वेळ, घड्याळ लावून, आणि तुमच्या परवान्यात राजकीय मजकुरावर काय बंधनं आहेत ते लेखी समोर ठेवून. शंका असेल तर तेवढे आठवडे पदाधिकाऱ्यांऐवजी फक्त कर्मचारी आणि अभियंते बोलवा.

वीज हा कंटाळवाणा भाग, पण यादीत तो कुठेच दिसला नाही. मिक्सर, फोन, राउटर आणि मुद्रणाचा संगणक यांच्यासाठी वेगळा यूपीएस. ट्रान्समीटरला वेगळी बॅटरी-व्यवस्था. मनोऱ्याला अर्थिंग, अँटेनाच्या केबलवर आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक, आणि लँडलाइनवरही, कारण पडलेली वीज टेलिफोनच्या तारेनेसुद्धा आत येते. अर्थिंगचं काम परिचित इलेक्ट्रिशियनकडून ‘करून घेतलं’ एवढ्यावर थांबू नका, अर्थिंगचा रोध (रेझिस्टन्स) मोजून कागदावर लिहून घ्या. निधीतला एक हिस्सा सुट्या भागांसाठी बाजूला काढा: जास्तीच्या केबल, दोन हेडफोन, एक पॅड, एक तयार फोन.

शेवटी तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल असं: पुढारी आलाच नाही तर? कार्यक्रम रद्द करू नका. ठरलेल्या वेळी सुरू करा, निमंत्रण कधी दिलं आणि काय उत्तर आलं ते एकदाच, साध्या आवाजात सांगा, टोमणा न मारता. मग लोकांचे प्रश्न मुद्रित करून घ्या, ते एकत्र करून त्यांच्या कार्यालयाला पाठवा, आणि पुढच्या आठवड्यात उत्तर आलं असेल तर वाचा, नसेल तर आलं नाही म्हणून सांगा. पहिल्यांदा दुसऱ्या फळीतला कनिष्ठ अभियंता आला तरी त्याला परत पाठवू नका. पाण्याची झडप कुठे अडकलीय हे अध्यक्षांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं, आणि तो नीट बोलून गेला की वरचे स्वतःहून वेळ विचारतात.